कुडपणची पेटी

मार्गशीर्षातला गुरुवार होता आणि महाडच्या बाजारात पाच फळांचा वाटा घेताना अक्षदा फळवालीशी सीताफळावरून वाद घालत होती. फळवाली रखमा म्हणत होती, पिकलंय. अक्षदा म्हणत होती, नासलंय. वाद गोडीचाच, दर गुरुवारचा. तेवढ्यात रखमाच्या टोपलीमागचा बटणांचा फोन वाजला. पाठोपाठ वेणीवालीचा वाजला, मग समोरच्या कापडदुकानातला, मग रस्त्याने चाललेल्या माणसांच्या खिशाखिशांतले, आणि शेवटी अक्षदाच्या पिशवीतला तिचा स्वतःचा. रखमाला कमी ऐकू येतं, म्हणून तिचा फोन कायम मोठ्या आवाजावर असतो. तिने तो नुसता हातात धरला आणि भर बाजारात, लख्ख उन्हात, अनिलसरांचा आवाज बोलला, ‘‘अनिल बोलतोय. पानी चढतंय. माडीवर जावा. मागं काय ऱ्हायलं ते बघू नका.’’ पापणी लवायच्या आत सगळा बाजार हलला. वेणीवालीने टोपली डोक्यावर घेतली. एका म्हाताऱ्याने खांद्यावरच्या पोत्यासकट दुकानाची पायरी गाठली. कापडवाल्याचे हात खालच्या फळीवरच्या ताग्यांकडे गेले. मग कुणीतरी वर पाहिलं. आभाळात ढगाची चिंधीसुद्धा नव्हती. आणि मग जो हशा पिकला, तो कितीतरी वेळ या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत राहिला. ‘‘भरवशाच्या म्हशीला टोणगा गो बाय,’’ रखमा डोळे पुसत म्हणाली, ‘‘तुज्या सरांना ऊन लागलं काय?’’ पुराचा इशारा देणारी सरांची साइट अक्षदा सांभाळते हे बाजारात सगळ्यांना ठाऊक होतं. तीही हसली. हसता हसता तिच्या हातातलं सीताफळ दाबलं गेलं आणि बोटं बरबटली. रखमाने वाद न घालता ते बदलून दिलं, आणि इतक्या सहज दिलं की अक्षदाला त्याचंच जास्त वाईट वाटलं.

घराकडे चालताना तिच्या डोळ्यांपुढे हशा नव्हता, हशाच्या आधीचा तो क्षण होता. त्या क्षणात कुणीही आभाळाकडे पाहिलं नव्हतं. आधी पाय हलले होते, मग मान वर झाली होती. केवढा विश्वास होता तो! असा विश्वास कमवायला किती पावसाळे जावे लागतात, हे तिच्याइतकं कुणाला माहीत असणार? त्या जुलैत, जेव्हा सावित्री आणि गांधारी या दोन्ही नद्या एकाच वेळी गावात शिरल्या, तेव्हा कुणालाच कुणी काही सांगितलं नव्हतं. पोलादपूरकडे पूल दिसेनासा झाला होता ते महाडला ठाऊक नव्हतं, आणि महाडात पाणी जिन्याच्या कितव्या पायरीवर आहे ते वीरच्या स्टेशनावर अडकलेल्या माणसांना ठाऊक नव्हतं. अक्षदा सासू-सासऱ्यांबरोबर गच्चीवर बसून होती आणि खाली स्वयंपाकघरात पातेली एकमेकांवर आपटत फिरत होती, तो आवाज तिला अजून कधीकधी भांडी घासताना ऐकू येतो. पाणी ओसरल्यावर गुडघाभर चिखलातून जो पहिला ओळखीचा माणूस चालत आला तो अनिलसर. पोलादपूरहून निघाले होते, वाटेत जमेल तिथे टेम्पो आणि बाकी पायी. सरांनी पोलादपूरच्या स्टँडसमोरच्या माडीवर तालुक्यातल्या निम्म्या मुलामुलींना कॉम्प्युटर शिकवला होता, त्यात अक्षदाही होती. तिच्या दारात येऊन सरांनी धीराचं काही म्हटलं नाही. चिखलाने माखलेल्या भिंतीवरच्या पाण्याच्या रेघेवर हात ठेवून ते म्हणाले, ‘‘वर आम्हाला हे आधी दिसत होतं गं. फक्त सांगायची सोय नव्हती.’’

ती सोय त्यांनी केली. साइट तशी कोणीही केली असती. पण सरांनी जे केलं ते त्यांनाच सुचावं. त्यांनी गावागणिक एक पेटी ठेवली. पेटी म्हणजे साइटच्या डेटाबेसमधली एक जागा, जिथे त्या त्या गावाने आपल्या पाण्याचा नियम लिहायचा. कारण पाणी सगळीकडे सारखं वागत नाही. पोलादपूरला ते धावत येतं, वीरकडे ओहोटीची वाट बघत तुंबतं, हिरकणीवाडीला तर रायगडावरून येणारा ओढा आधी पर्यटकांच्या गाड्या पळवतो आणि मग गावाकडे बघतो. सर गावोगाव गेले, देवळात बसले, प्रत्येक गावातल्या एकादोघांना चार ओळींचा कोड लिहायला शिकवलं आणि म्हणाले, तुमचं पाणी तुम्हाला कळतं, तुम्हीच लिहा. साइट दर थोड्या वेळाने सगळ्या पेट्या उघडायची आणि आत जे लिहिलेलं असेल ते जसंच्या तसं चालवायची. अमक्या दगडाला पाणी लागलं तर अमक्या आळीला फोन, असं. भर पावसात नियम बदलावा लागला तर महाडला अक्षदाला विचारायला नको, पोलादपूरला सरांना उठवायला नको. गावाने बदलला की बदलला. हे सगळं चालवणारी साइटमधली ओळ एकच होती : पेटीत जे असेल ते चालव. अक्षदाने ती ओळ पहिल्यांदा वाचली तेव्हा तिच्या अंगावर काटा आला होता. एवढ्याशा ओळीत दोन तालुके मावले होते. गेल्या पावसाळ्यात पोलादपूरच्या बायकांनी आपला नियम स्वतः बदलून नदीकाठची घरं वेळेवर रिकामी केली, तेव्हा तर तिला वाटलं, आपल्या सरांसारखा माणूस पुण्या-मुंबईच्या मोठ्या कंपनीत असता तर लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं असतं. इथे तो पोलादपुरात टायपिंग शिकवतोय. आणि त्याचं त्याला काही वाटतही नाही, हे तिला त्याहून मोठं वाटलं होतं.

घरी येऊन तिने फळं तशीच ओट्यावर टाकली आणि लॅपटॉप उघडला. फोन कुठल्या पेटीतून गेले ते दिसायला वेळ लागला नाही. कुडपण. तिला आधी हसू आलं, मग हसू जिथल्या तिथे थांबलं. कुडपण डोंगरमाथ्यावर. सगळा रायगड जिल्हा बुडाला तरी कुडपणच्या उंबऱ्याला पाणी लागणार नाही. त्या पेटीची गरजच नव्हती. पण सरांनी वर कुडपणला सभा घेतली तेव्हा अक्षदा बरोबर होती, आणि तिथे काय झालं ते तिला चांगलं आठवत होतं. सर खालच्या गावांच्या पेट्यांविषयी सांगत होते आणि हैबतीबाबा, गावकीतले सगळ्यात जुने, खांबाला टेकून ऐकत होते. सगळं ऐकून झाल्यावर ते म्हणाले, ‘‘आनि आमची पेटी?’’ सर म्हणाले, ‘‘बाबा, इथं पानी कुठनं येनार?’’ हैबतीबाबा म्हणाले, ‘‘पानी नाय येनार ते मला म्हाईत हाय. पन पालखी फिरते तवा येकांदं घर रिकामं असलं तरी दारात थांबते का नाय? तू कुडपणचा. तुज्याच गावाला पेटी नाय, मंग आमी काय गावकीतनं भायेर हाव?’’ सरांनी मान खाली घातली, मग हसून म्हणाले, ‘‘चुकलो बाबा. पहिली पेटी कुडपणची.’’ आणि खरोखरच त्यांनी ती पहिली केली. परत येताना अक्षदा गाडीवर मागे बसून विचार करत होती की माणसाला माणूस कळावा तो असा. दोन्ही तालुक्यांत ज्या ज्या गावाला मान होता त्या त्या गावाला मग पेटी मिळाली, पाणी येवो न येवो. कोण कुणाला वगळणार? आणि किल्लीचं, म्हणजे पासवर्डचं म्हणाल, तर सरांनी सगळ्यांना एकच सांगितलं होतं : कधी विसरणार नाही असं काही ठेवा. आता आपल्याकडचा माणूस काय विसरत नाही? स्वतःच्या मुलाची जन्मतारीख विसरेल, ग्रामदेवतेचं नाव विसरणार नाही. गावोगाव तीच किल्ली. ज्याला या भागातली चार देवळं माहीत आहेत त्याला सगळ्या पेट्या उघड्या. हे आजवर कुणाच्या मनात आलं नव्हतं, कारण देवाच्या नावाने चोरी होईल हे मनात यायला मनच वेगळं लागतं.

कुडपणच्या पेटीत कुडपणच्या कुणीच कधी काही लिहिलं नव्हतं. आज तिच्यात एक ओळ होती. सगळ्यांना फोन लाव आणि आवाज क्रमांक एक वाजव. बास. लिहिणारा कुठला होता ते दिसत नव्हतं. त्याला मराठी येत असेल असंही वाटत नव्हतं; देवळांची नावं काय, कुठेही वाचायला मिळतात. त्याने दरवाजा ढकलून पाहिला होता, उघडतो का. उघडला. सांगितलेलं ऐकतं का, ते पाहिलं. ऐकलं. अक्षदाने ती ओळ पुन्हा वाचली आणि ती क्रमांकापाशी थांबली, कारण आवाज दोन होते. दोन्ही तिच्यासमोर सरांच्या क्लासात रेकॉर्ड झालेले, पंखे बंद करून, खिडक्या लावून, घामाने निथळत. पहिल्यांदा सर सरकारी दवंडी पिटल्यासारखं बोलले होते. तिने सांगितलं, सर, घरातल्याला हाक मारल्यासारखं बोला. मग ते त्यांच्या आईशी बोलत तसं बोलले. आवाज एक : पानी चढतंय, माडीवर जावा. आवाज दोन : अनिल बोलतोय, पानी उतरलं, आता खाली या. कुणा परक्याने एक लिहिलं म्हणून बाजार हसला. दोन लिहिलं असतं तरी आज बाजार हसलाच असता. पण जुलैत? अंधारात, पाणी जिन्यावर असताना, रखमाच्या कानाशी अनिलसर घरातल्या माणसासारखे म्हणाले असते, आता खाली या? रखमा आली असती. वेणीवाली आली असती. तो पोतंवाला म्हातारा आला असता. आभाळाकडे न पाहता. अक्षदा उठली, पाणी प्यायली, पुन्हा बसली. तिने साइट बंद केली, तिच्यावर ‘काम चालू आहे’ असा फलक लावला, आणि सरांना फोन केला. फोन बंद होता. क्लास चालू असताना सर फोन बंद ठेवत, हा त्यांचा जुना नेम. म्हणजे त्यांच्या आवाजाने दोन्ही तालुके हलून गेले आणि त्यांनाच पत्ता नव्हता. फळांना हात न लावता तिने सासूबाईंना सांगितलं, पूजा तुम्ही मांडा, आणि ती स्टँडवर गेली.

एसटी पोलादपूरच्या दिशेने निघाली. उजव्या-डाव्या हाताला, वळणावळणाने, सावित्री दिसत राहिली. डिसेंबरातली सावित्री म्हणजे दगडच दगड आणि त्यांच्यामधून वाट विचारत जाणारं थोडंसं पाणी. धुणं वाळत होतं. कुणीतरी म्हशी धूत होतं. अक्षदाला वाटलं, ही नदी अशी बसलेली असताना हिच्या नावाने घाबरणं किती खुळं दिसतं, आणि म्हणूनच हे आज झालं ते जुलैत होण्यापेक्षा वाईट. जुलैत लोकांनी खोटा फोन माफ केला असता, पाऊस तर होता म्हणाले असते. आज त्यांनी हसून घेतलं. एकदा माणूस हसला की पुढच्या वेळी आधी मान वर जाणार, मग पाय हलणार. आणि पुराच्या वेळी तेवढाच उशीर पुरतो. तिला सरांचा राग आला. मग राग आल्याचा राग आला. ज्या ओळीची तिने मनात पूजा केली होती तीच आता तिला उघड्या विहिरीसारखी दिसत होती. विहीर गावासाठीच खणलेली, पाणी गोड, फक्त कठडा बांधायचा राहिलेला. हे सरांना कसं सांगायचं? काय म्हणायचं? की सर, तुमची सगळ्यात चांगली गोष्ट हीच तुमची सगळ्यात मोठी चूक आहे? शिकत असताना एकदा तिचा प्रोग्राम बिघडला होता आणि ती रडकुंडीला आली होती, तेव्हा सर म्हणाले होते, यंत्राला वाक्य कळत नाही, हुकूम कळतो, तू त्याला चुकीचा हुकूम दिलास, त्याने बिचाऱ्याने पाळला, आता तू रडतेस कशाला? तेव्हा सगळा वर्ग हसला होता. आता तेच वाक्य घेऊन आपण त्यांच्याकडे चाललोय, असं तिला वाटलं, आणि एसटीच्या घरघरीत तिला आवाज दोन ऐकू येऊ लागला. आता खाली या. आता खाली या. शेजारच्या बाईने विचारलं, ‘‘बस लागते का?’’ अक्षदाने मान हलवली.

क्लासात टायपिंगची खडखड चालू होती. सर एका मुलीच्या मागे उभे राहून तिच्या बोटांकडे बघत होते. अक्षदाला पाहून त्यांनी भुवया उंचावल्या. ‘‘आज गुरुवार ना? पूजा सोडून?’’ ती त्यांना बाहेर गॅलरीत घेऊन गेली आणि सांगितलं. आधी त्यांनी ते चेष्टेवारी नेलं. ‘‘कुडपणला पूर? मग गड बुडाला म्हणायचा!’’ तिने लॅपटॉप उघडून ओळ दाखवली. त्यांनी ती वाचली. मग खाली वाकून पुन्हा वाचली. ‘‘माझ्या आवाजात?’’ ते म्हणाले. ‘‘हो.’’ ‘‘सगळ्यांना?’’ ‘‘हो सर.’’ तिला वाटलं होतं, आता विचारतील, कोणी केलं? कोणीही तेच विचारलं असतं. सर म्हणाले, ‘‘जिन्यात धावताना कोणी पडलं नाही ना?’’ तिला माहीत नव्हतं. हा प्रश्न तिला सुचलाच नव्हता, आणि ती लाजली. ‘‘किल्ल्या बदलू,’’ ती घाईने म्हणाली, ‘‘कुडपणची पेटी काढून टाकू, उगाच ठेवली होती, आणि–’’ सरांनी हात वर केला. ‘‘कुडपणची पेटी राहील. किल्ल्याही बदलू. पण दोष किल्लीचा नाही. उद्या चोर नसला तरी आपल्यातलाच कोणी घाईत चुकीचं लिहील आणि ती ओळ तेही पाळील.’’ ते कठड्याला टेकले. खाली स्टँडवर एक गाडी मागे घेत होते. ‘‘डेटाबेस ही जिन्नस ठेवायची जागा. नावं ठेवावीत, नंबर ठेवावेत. मी तिथे हुकूम ठेवले. साइटच्या फायलींत काही बदललं तर तू वाचतेस, मी वाचतो, कालचं काय होतं ते राहतं. पेटीत काय आलं ते कोण वाचतं? कोणी नाही. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय. आणि मी मात्र म्हणत होतो, बघा, गावाच्या हातात दिलं.’’

आणि मग एक विचित्र गोष्ट झाली. एसटीत वाटभर ज्या ओळीला ती उघडी विहीर म्हणत आली होती, तिचीच बाजू अक्षदा घेऊ लागली. तिला ते ऐकवेना. ‘‘पण सर, त्या ओळीमुळेच तर पोलादपूरच्या बायकांनी घरं रिकामी केली. त्या ओळीमुळेच लोकांनी साइट आपली मानली. ती काढली तर पुन्हा तुम्ही-आम्ही शहाणे आणि गाव ऐकणार!’’ तिचा आवाज चढला होता. आत टायपिंगची खडखड थांबली आणि पुन्हा सुरू झाली. सर तिच्याकडे बघत राहिले, रागाने नाही, क्लासात एखाद्याने पहिल्यांदा बरोबर प्रश्न विचारला की बघत तसे. ‘‘गावच लिहिणार,’’ ते म्हणाले. ‘‘कुठला दगड, किती पाणी, कुठली आळी, कुणाला आधी कळवायचं, हे सगळं गावच लिहिणार, भर पावसात बदलणार. पण एवढंच लिहिता येईल. त्याचं काय करायचं ते फायलीत, आपल्या डोळ्यांसमोर. आणि खाली या हे कुठल्याच पेटीला म्हणता येणार नाही. वर जा हे यंत्राने चुकून म्हटलं तर गुडघे दुखतील. खाली या हे माणूसच म्हणेल. दारात जाऊन.’’ एवढ्या वेळात त्यांनी सगळं मांडूनही टाकलं होतं. आपली सगळ्यात लाडकी गोष्ट मोडताना माणूस निदान थोडा वेळ घेतो, कुणाला तरी दोष देतो, निदान उसासा सोडतो. सर आत गेले, मुलांना चालू ठेवा म्हणाले, आपल्या टेबलाशी बसले आणि त्यांनी ती ओळ शोधली. पेटीत जे असेल ते चालव. ‘‘तुला ही फार आवडायची ना?’’ त्यांनी विचारलं. ती हो म्हणाली. ‘‘मलाही,’’ ते म्हणाले आणि त्यांनी ती पुसली. अक्षदाला भरून आलं. वाईटही वाटलं आणि अभिमानही वाटला, आणि त्यातलं काय कुठे संपतं ते तिला कळेना. ओळ लिहिली तेव्हा तिने सरांना मोठं मानलं होतं. आज ती पुसताना ते तिला त्याहून मोठे वाटले, आणि हे त्यांना सांगायची तिची हिंमत झाली नाही.

‘‘चल महाडला,’’ सर उठत म्हणाले. ‘‘माझ्या आवाजाने चढवलंय लोकांना. माझ्या तोंडाने उतरवायला हवं.’’ ती म्हणाली, सर, सगळे केव्हाच उतरले असतील, हसत होते. पण त्यांनी हेल्मेट घातलंही होतं. त्यांच्या मोटरसायकलवर मागे बसून ती पुन्हा नदीच्या कडेने खाली आली. उन्हं कलली होती आणि दगडांच्या सावल्या पाण्यावर आल्या होत्या. गांधारीकाठच्या आळीत ते घरोघर गेले. प्रत्येक दारात सर एकच बोलत होते. दुपारचा फोन खोटा होता, मी केला नव्हता, पण तो होऊ शकला ही चूक माझी, ती आता दुरुस्त केलीय. लोक चेष्टा करत होते. ‘‘काय सर, पुढल्या पावसाचं आगाऊ बुकिंग का?’’ एकाने चहा पुढे केला. एक बाई म्हणाली, ‘‘माज्या सुनेनं टीव्ही माळ्यावर चढवला, आता उतरवायला तुमीच या.’’ सर हसत होते, चहा घेत होते, पुन्हा सांगत होते. अक्षदा प्रत्येक हसणाऱ्या तोंडाकडे बघून मनात एकच करत होती : हा पुढच्या वेळी चढेल का? ही चढेल का? काही चेहऱ्यांवर उत्तर स्वच्छ दिसत होतं. एक जण तर सरांच्या खांद्यावर थोपटून म्हणाला, ‘‘जाऊ द्या हो, आता आमी आमचं बघून घेऊ.’’ तो प्रेमानेच म्हणाला. सरांनी त्या वेळी चहा अर्धाच ठेवला, ते तिने पाहिलं.

आळीच्या टोकाला, नदीला अगदी लागून, आवडीकाकीचं घर होतं. आवडीकाकी कुडपणची माहेरवाशीण, सरांच्या आईची लहानपणची सोबतीण. नवरा गेला, मुलगे मुंबईला नोकरीला, आणि काकी इथून हलायला तयार नाही. दार सताड उघडं होतं. चूल विझलेली होती, परातीत मळलेलं भाकरीचं पीठ वाळून तडकलं होतं. पिंपाशेजारची कोंबड्या झाकायची पाटी कोंबड्यांसकट जागेवर नव्हती. शेजारची सोनाली दारातून म्हणाली, ‘‘सर, बरं झालं आलात. दुपारपासून आम्ही हाका मारतोय, ऐकतच नाहीत.’’ सरांनी माळ्याच्या शिडीकडे पाहिलं. अक्षदाने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि तिला आपली नजर दुसरीकडे वळवावी लागली.

‘‘काकी,’’ सरांनी हाक मारली.

‘‘कोन हाय?’’ वरून आवाज आला.

‘‘अनिल. खाली ये गो.’’

‘‘पानी उतरलं?’’

‘‘पानी आलंच नव्हतं.’’

वर एक कोंबडी कुरकुरली. ‘‘मंग चढ म्हनालास कशाला? दुपारधरनं बसलेय हितं. ही सोनी म्हनते उतर, म्हटलं अनिल सांगंल तवा उतरंन. तू खाली ये कुठं म्हनालास?’’

सरांनी शिडीचा दांडा धरला. घरोघर सांगितलेलं ते सगळं या शिडीखाली त्यांच्या तोंडून निघेना. ‘‘मी चढ पन नव्हतं म्हनालो, काकी,’’ ते शेवटी म्हणाले. ‘‘माझा आवाज दुसऱ्याच कुणी वाजवला. तो मी नव्हतो.’’

अक्षदाला वाटलं, झालं, हिचाही विश्वास गेला. सगळ्या आळीत शेवटचा उरलेला, तोही गेला. मग फळीवर काहीतरी सरकलं आणि आवडीकाकीचा आवाज आला, आधीपेक्षा हळू, पण ठाम.

‘‘मंग आता खाली ये म्हनतोय तो कोन?’’

हे कुणीच विचारलं नव्हतं. बाजाराने नाही, साइटने नाही, अक्षदाने स्वतः तर इतक्या वर्षांत कधीच नाही. तिने सरांकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते हसत होते, दुपारपासून पहिल्यांदा मनापासून.

‘‘बराबर इचारलंस,’’ ते म्हणाले. ‘‘दर खेपेला इचार, काकी. मी असलो तरी इचार.’’

‘‘ते इचारंन. आता कोन ते सांग.’’

सरांनी चपला काढल्या आणि शिडीवर पाय ठेवला. ‘‘वर येतो,’’ ते म्हणाले. ‘‘तूच बघून घे.’’

‘‘ये,’’ आवडीकाकी म्हणाली. ‘‘पन हळू ये. मधली पायरी हलते.’’